सुप्त पाऊल आणि पादत्राणातील दाबमापन

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात पादत्राणांविषयी दोन विधाने आढळतात. ती एकमेकांशेजारी ठेवली म्हणजे वाचणारा क्षणभर थबकतो. प्रमेहचिकित्सेच्या अकराव्या अध्यायात आचार्य सांगतात की निर्धन व आप्तहीन प्रमेही रुग्णाने छत्री आणि पादत्राण न घेता, भिक्षान्नावर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत, मुनीसारखा संयम पाळून शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालावे. याच स्थानाच्या चोविसाव्या, अनागताबाधाप्रतिषेधाच्या अध्यायात तेच आचार्य म्हणतात की सदा अनवाणी चालणे आरोग्यास, आयुष्यास आणि दृष्टीस अपायकारक आहे. दोन्ही विधाने आपण पदवीच्या वर्षांत वाचलेली असतात. परीक्षेत त्यांवर एकत्र प्रश्न येत नाही, म्हणून ती एकत्र वाचण्याचा प्रसंगही सहसा येत नाही. माझ्यावर तो एका रुग्णामुळे आला आणि त्याची किंमत त्या रुग्णाला द्यावी लागली.

निवृत्त शिक्षक, वय एकसष्ट, प्रमेहाचा इतिहास चौदा वर्षांचा. गावात सर्वजण त्यांना गुरुजी म्हणतात, मीही तेच म्हणत असे. तळपायांची जळजळ आणि मुंग्या ही त्यांची मुख्य तक्रार होती. शमन चिकित्सा, पादाभ्यंग आणि पथ्य यांसोबत मी त्यांना सकाळी हिरवळीवर अनवाणी चालण्यास सांगितले. त्यांनी स्वतः होऊन अ‍ॅक्युप्रेशरची रबरी काटे असलेली चप्पल आणली होती, तीही वापरण्यास मी संमती दिली. चार-पाच महिन्यांनी ते समाधानाने म्हणाले, ‘‘डॉक्टर, जळजळ पार गेली. पाय अगदी शांत झाले.’’ मीही समाधान पावलो. त्या दिवशी मी त्यांचे तळवे उघडून पाहिले नाहीत. पुढे दोन आठवड्यांनी त्यांच्या पत्नीला फरशीवर ओलसर पिवळट डाग दिसले, तेव्हा उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या घट्ट्याखाली रुपयाएवढा व्रण सापडला. गुरुजींना त्याची वेदना अशी झालीच नव्हती.

पाय शांत झाले होते, ते दाह शमल्यामुळे नव्हे. संज्ञावहन करणाऱ्या नाड्यांचा ऱ्हास पुढच्या पायरीवर गेला होता आणि दाहाची जागा सुप्ततेने घेतली होती. चरकाचार्यांनी निदानस्थानाच्या चौथ्या अध्यायात प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांची सुप्तता आणि दाह ही दोन्ही लक्षणे एकत्र सांगितली आहेत. त्यांपैकी एक नाहीसे झाले म्हणजे दुसरे वाढले नाही ना, हे पाहणे माझे काम होते.

यानंतर जे घडले त्यातून पादत्राणात संवेदक, म्हणजे रोजच्या बोलण्यातले सेन्सर, बसवून तळव्याखालचा दाब मोजण्याच्या तंत्राशी माझा परिचय झाला. हे तंत्र आपल्या चिकित्सालयात येईल असे मला वाटत नाही, कारण त्याची किंमत आणि त्यासाठी लागणारा तंत्रज्ञ दोन्ही आपल्या आवाक्याबाहेर आहेत. परंतु त्याने उघड केलेल्या गोष्टी प्रत्येक वैद्याच्या उपयोगाच्या आहेत, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम दाब म्हणजे काय ते पाहू. बल आणि ते ज्या क्षेत्रावर पडते ते क्षेत्र यांचा भागाकार म्हणजे दाब. साठ किलो वजनाच्या माणसाचे वजन सुमारे ६०० न्यूटन भरते. चालताना एक पाय उचललेला असता हा सर्व भार दुसऱ्या तळव्यावर येतो. टेकलेल्या भागाचे क्षेत्र १०० चौरस सेंटिमीटर धरले तर सरासरी दाब ६० किलोपास्कल होतो. हा आकडा निरुपद्रवी वाटतो. पण पाऊल सपाट पाटासारखे टेकत नाही. प्रथम टाच टेकते, मग भार बाहेरच्या कडेने पुढे सरकतो, टाच उचलली जाते आणि अखेरच्या क्षणी चवडा व अंगठा यांच्या थोड्याशा जागेवर सारे शरीर तोलले जाते. त्या क्षणी चवड्याच्या एखाद्या हाडाच्या टोकाखालचा दाब सरासरीच्या कित्येक पट चढतो. निरोगी माणसाला हे जाणवते. एक जागा दुखू लागली की तो नकळत पाऊल किंचित वळवून टाकतो, लंगडतो, थांबतो, चप्पल काढून खडा झटकतो. दिवसभरात आपण असे किती वेळा करतो याची गणती आपल्यालाही नसते. सुप्त पावलाचा माणूस यातले काहीच करीत नाही. तो त्याच जागेवर, तसाच, हजारो पावले टाकतो.

प्रमेहात दाब वाढण्याची कारणेही एकाहून अधिक असतात. पावलातील लहान स्नायू क्षीण होऊन बोटे नखरासारखी वाकतात आणि चवड्याखालची मेदाची गादी पुढे सरकते. मग हाडाचे टोक आणि जमीन यांत कातडीखेरीज फारसे काही उरत नाही. घोटा आणि अंगठ्याचा सांधा यांची हालचाल घटते. अंगठा वर वळत नाही, म्हणून त्याच्या मुळाशी भार अधिक काळ राहतो. घाम येणे बंद होऊन त्वचा रूक्ष होते व भेगाळते. ज्या जागी दाब अधिक तेथे घट्टा तयार होतो आणि तो घट्टाच पुढे चपलेतल्या खड्याचे काम करू लागतो. १९९२ साली मँचेस्टर येथील संशोधकांनी असे घट्टे तासून काढण्यापूर्वी आणि नंतर दाब मोजला, तेव्हा केवळ तासण्याने तो सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्याचे दिसले. सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांत कदर वर्णिला आहे. खड्यांनी घासलेल्या किंवा कंटकादींनी क्षत झालेल्या पायात होणारी, खिळ्यासारखी कठीण ग्रंथी असे त्याचे रूप असून चिकित्सेत उत्कर्तन व दहन सांगितले आहे. यातील उत्कर्तनाचा लाभ येथे किलोपास्कलमध्ये मोजला गेला. दहनाविषयी पुढे लिहितो.

तळव्यावरील भार नोंदवण्याचे प्रयत्न जुने आहेत. पॅरिसचे शरीरक्रियातज्ज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी एकोणिसाव्या शतकात जोड्याच्या रबरी तळात हवेची पोकळी ठेवून ती नळीने चालणाऱ्याच्या हातातील नोंदयंत्रास जोडली होती. पाऊल टेकले की हवा दाबली जाई आणि कागदावर रेघ उमटे. त्यांचा हेतू चालीचा ताल समजून घेण्याचा होता, रोगाशी त्याचा संबंध नव्हता. तो संबंध जुळला तो भारतात, आणि तोही कुष्ठरुग्णांच्या सेवेतून.

पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात मिशनरी आईवडिलांच्या पोटी झाला. इंग्लंडमध्ये शस्त्रवैद्यक शिकून ते १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णाच्या पायाचे व्रण हे त्या रोगाच्या जंतूंनी मांस सडवल्यामुळे होतात आणि म्हणून ते भरून येणारच नाहीत, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. ब्रँड यांनी रुग्णांचे पाय प्लास्टरमध्ये घालून त्यांवरील भार सर्वत्र वाटून दिला, तेव्हा तेच व्रण भरून आले. जो व्रण विश्रांतीने भरतो तो मांसाच्या दोषाने झालेला नसून आघाताने झालेला असला पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. पुढे मऊ सूक्ष्मछिद्री रबराची, म्हणजे एमसीआरची चप्पल प्रचारात आली. कुष्ठसेवेच्या संस्थांत ज्यांनी काही काळ काम केले आहे त्या वैद्यांना ती चांगली परिचित असेल. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून ती रुग्णांना विनामूल्य दिली जाते.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कार्व्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे त्यांनी पातळ मोज्यांत रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म कुप्या भरून पाहिल्या. रुग्ण मोजा व जोडा घालून चालला की जेथे दाब अधिक तेथील कुप्या फुटून रंग उमटे. जोड्याच्या आत, प्रत्यक्ष चालताना, कोणत्या बिंदूवर धोका आहे हे डोळ्यांना दिसू लागले. त्यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या तळव्यावर दर चौरस इंचास २० पौंड, म्हणजे सुमारे १३८ किलोपास्कल इतकाच दाब दिवसाला हजारो वेळा देण्यात आला. एका वेळेस या दाबाने काहीच होत नाही. पण रोज तेच चालू राहिले तेव्हा प्रथम शोथ आला आणि मग व्रण झाला. आवृत्त्या कमी करून मध्ये विश्रांतीचे दिवस दिले, तेव्हा मात्र तळवा जाड व बळकट झाला.

ब्रँड यांच्या कामातून आघाताचे तीन प्रकार स्पष्ट झाले. एक, खिळा किंवा काटा रुतावा तसा एकाच क्षणी अतिशय मोठा दाब. दोन, घट्ट पट्ट्याखाली किंवा तोकड्या जोड्यात तासन्‌तास राहणारा अल्प दाब, ज्याने रक्ताचा संचारच थांबतो. तीन, मध्यम दाब पण पुनःपुन्हा. तळव्याचे बहुतेक व्रण या तिसऱ्या प्रकाराने होतात आणि तोच आपल्या नजरेतून निसटतो, कारण रुग्णाला आघाताचा एकही प्रसंग आठवत नाही. ‘‘काही लागलं नाही, आपोआप झालं,’’ असे तो सांगतो आणि आपण केसपेपरवर तसेच लिहून घेतो.

कुष्ठरुग्णाच्या पायावर शिकलेला हा धडा पुढे मधुमेही रुग्णांना लावण्यात आला आणि आज जगभर मधुमेही पावलांच्या चिकित्सेत भार हटवणे हा पाया मानला जातो. येथे सुश्रुताचार्यांच्या सूत्रस्थानातील तेविसावा अध्याय आठवतो. कष्टसाध्य व्रण कोणाचे, हे सांगताना त्यांनी कुष्ठी आणि मधुमेही यांना एकाच ओळीत बसवले आहे. संहितेतील कुष्ठ ही संज्ञा आजच्या कुष्ठरोगापेक्षा पुष्कळ व्यापक आहे हे खरे. परंतु स्पर्शहानी तिच्यातही वर्णिलेली आहे. या दोन रुग्णांचे व्रण कष्टाने भरतात याचे एक कारण दोघांचेही पाऊल स्वतःचे रक्षण करू शकत नाही हे असावे, असे मला वाटते. हा माझा अन्वयार्थ आहे, टीकाकारांच्या नावावर मी तो घालू इच्छित नाही.

आता आजची यंत्रे. जमिनीवर ठेवलेल्या संवेदक-पट्टीवरून अनवाणी चालवून पायाचा दाब मोजता येतो, पण रुग्ण दिवसभर पट्टीवर चालत नाही. म्हणून जोड्याच्या आकाराचा पातळ अस्तर-तळ, म्हणजे इनसोल, तयार करून त्यात संवेदकांचे जाळे बसवले जाते आणि तो तळवा व जोडा यांच्यामध्ये ठेवला जातो. संवेदक मुख्यतः दोन जातींचे आहेत. धारितेवर चालणाऱ्या संवेदकात दोन विद्युतवाहक थरांमध्ये लवचिक पदार्थ असतो. दाब पडला की थर जवळ येतात, विद्युतधारिता वाढते आणि त्या वाढीवरून दाब काढला जातो. म्यूनिकच्या नोव्हेल कंपनीची पेडार ही प्रणाली या जातीची असून तिच्या एका तळात ९९ संवेदक असतात. दुसऱ्या जातीत दाबाने विद्युतरोध बदलणारी शाई वापरतात. अमेरिकेतील टेकस्कॅनच्या एफ-स्कॅन प्रणालीत एका तळावर साडेनऊशेच्या आसपास बिंदू असतात आणि कागदासारखा पातळ असल्याने तो कात्रीने जोड्याच्या मापाचा कापता येतो. दोन्हींत कमरेला बांधलेली डबी सेकंदाला पन्नास, शंभर वेळा सर्व संवेदकांचे वाचन टिपते. संगणकावर तळव्याचा नकाशा उमटतो. निळा म्हणजे कमी, लाल म्हणजे अधिक. रुग्णाला स्वतःचा लाल ठिपका प्रथमच दिसतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचे भाव पाहण्यासारखे असतात, कारण त्याचे पाऊल त्याला जे सांगत नव्हते ते आता भिंतीवर दिसत असते.

या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. संवेदक स्वतःच्या क्षेत्रफळावरील सरासरी देतो. १०० न्यूटन बल एका चौरस सेंटिमीटरवर पडले तर दाब १,००० किलोपास्कल होतो, पण संवेदक चार चौरस सेंटिमीटरचा असेल तर तो २५० एवढाच दाखवील. म्हणून संवेदकाचा आकार सांगितल्यावाचून आकड्याला अर्थ नाही. जोड्यातील उष्णता, घाम आणि तळाचे वाकणे यांनी वाचन बिघडते. सतत भार राहिला तर संवेदक हळूहळू वाढीव आकडा दाखवू लागतो, म्हणून ज्ञात दाबाशी ताडून यंत्र वरचेवर पारखून घ्यावे लागते. सर्वांत मोठी उणीव अशी की हे संवेदक फक्त तळव्याला लंब असणारा दाब मोजतात. कातडी पुढेमागे घासली जाते तो कर्षणाचा भाग त्यांत येत नाही, आणि व्रण होण्यात त्याचाही वाटा असतो. रुग्ण भरभर चालला की दाब वाढतो. परीक्षकासमोर तो जरा ऐटीत चालतो, म्हणून पहिली व शेवटची पावले सोडून मधल्या दहा-पंधरा पावलांची सरासरी घेतात. आणखी एक अडचण आपल्याकडची. हे तळ बंद जोड्यासाठी घडवलेले आहेत. आपला रुग्ण चप्पल घालतो. अंगठा असलेल्या किंवा दोन पट्ट्यांच्या चपलेत हा तळ जागेवर राहत नाही, तो चिकटपट्टीने बांधून घ्यावा लागतो.

एवढ्या मर्यादा मान्य करूनही काही निष्कर्ष भक्कम आहेत. मधुमेही पावलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत, ज्यांना तळव्याचा व्रण एकदा होऊन भरला आहे त्यांच्या जोड्यातील कमाल दाब २०० किलोपास्कलच्या खाली असावा, किंवा निदान पूर्वीपेक्षा ३० टक्क्यांनी घटावा, असे म्हटले आहे आणि त्यासाठी दोन चौरस सेंटिमीटरचा संवेदक गृहीत धरला आहे. चेन्नई येथील संशोधकांनी २००४ साली, पूर्वी व्रण झालेल्या मधुमेही रुग्णांचा नऊ महिने पाठपुरावा केला. त्यांत एमसीआरसारखे मऊ तळ असलेली पादत्राणे वापरणाऱ्यांत नव्या जखमांचे प्रमाण सुमारे ४ टक्के होते, तर स्वतःची नेहमीची पादत्राणे वापरणाऱ्यांत ते ३३ टक्के होते. नेदरलँडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजून-दुरुस्त केलेले जोडे आणि नेहमीच्या पद्धतीने बनवलेले जोडे यांची तुलना झाली. सर्व रुग्ण एकत्र धरले तर फरक लक्षणीय ठरला नाही. परंतु जे आपल्या ८० टक्के किंवा अधिक पावलांना जोडा घालीत होते, त्यांच्यात पुनरुद्भव जवळजवळ निम्म्यावर आला. उत्तम जोडा कोपऱ्यात राहिला तर तो औषधाच्या न उघडलेल्या बाटलीसारखाच होय. याच संशोधकांना असेही आढळले की रुग्ण बाहेर जाताना जोडा नीट घालतात आणि घरात काढून ठेवतात. ही युरोपातील गोष्ट आहे. आपल्याकडे तर उंबरठ्याच्या आत चप्पल येतच नाही.

२०१९ साली मँचेस्टरच्या गटाने याच्या पुढची पायरी प्रसिद्ध केली. जोड्याच्या तळात आठ संवेदक व मनगटावर घड्याळ. दाब ३५ ते ५० मिलिमीटर पाऱ्यापेक्षा अधिक काळ टिकून राहिला की घड्याळ इशारा देई आणि रुग्ण थोडे चालून वा बसून भार हलवी. हा दाब किलोपास्कलमध्ये सात सुद्धा भरत नाही. चालण्याच्या दाबापुढे तो क्षुल्लक, पण सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद करण्यास पुरेसा. ज्यांना इशारा मिळत होता त्यांच्यात व्रण पुन्हा होण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. रुग्णसंख्या लहान होती, म्हणून हा निष्कर्ष अंतिम नाही. तथापि उभ्याने काम करणारे आपले रुग्ण, न्हावी, हॉटेलातील आचारी, एसटीचे वाहक, शिक्षक, यांच्याकडे पाहण्याची दृष्टी यातून बदलते.

गुरुजींच्या व्रणाकडे परत वळतो. मी तीन आठवडे व्रणशोधन व रोपण केले. क्षालन, जात्यादी तैलाची पट्टी, पोटातून औषधे, सर्व यथाशास्त्र. व्रणाच्या कडा पांढऱ्या व जाड होत गेल्या. पुण्यातील एका शल्यतज्ज्ञांकडे पाठवले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘ड्रेसिंगनंतर ते घरी कसे जातात?’’ ते चालत जात होते. रोज पट्टी बांधून घेण्यासाठी माझ्याकडे येणे आणि जाणे, दोन्ही मिळून दीड किलोमीटर, त्याच व्रणावर. रक्तपुरवठा तपासून, मृत भाग काढून त्यांनी तळव्याला सर्वत्र टेकणारे प्लास्टर घातले. नऊ आठवड्यांत व्रण भरला. औषध तेच असते तर अधिक लवकर भरला असता किंवा नाही, हा वाद मी घालीत नाही. भार हटल्याखेरीज ते लागूच पडत नव्हते एवढे निश्चित.

त्यानंतर पादत्राण बनवताना मी मुद्दाम सोबत गेलो. त्यांच्या रोजच्या बाजारी जोड्यात अंगठ्याच्या मुळाशी ४१० किलोपास्कल दिसले. नव्या, एमसीआरचा तळ घातलेल्या पादत्राणात तोच आकडा २६० झाला. मला वाटले, काम झाले. तंत्रज्ञाने मात्र नकाशा पाहून त्या बिंदूखालचा तळ थोडा कोरला, चवड्याच्या मागे मऊ उंचवटा चिकटवला आणि पुन्हा चालवले. १७५. दोन्ही वेळा गुरुजींचे उत्तर एकच होते, ‘‘छान वाटतंय.’’ ४१० च्या जोड्याविषयीही त्यांनी हेच म्हटले होते. सुप्त पावलाच्या माणसाला चप्पल आवडली की नाही हे विचारणे, त्याच्या मापासाठी त्या उत्तरावर विसंबणे, हे मी त्या दिवसापासून सोडून दिले.

यंत्र नसताना वैद्याने काय करावे? प्रत्येक प्रमेही रुग्णाचे तळवे, बोटांच्या बेचक्यांसह, प्रत्येक भेटीत उघडून पाहावेत. दर्शन-स्पर्शन-प्रश्न या त्रिविध परीक्षेत पाऊल येतेच, ते आपण वगळतो. दहा ग्रॅमचा नायलॉन तंतू अल्प खर्चात मिळतो. रुग्णाला डोळे मिटायला सांगून तो तंतू अंगठा व चवड्याच्या बिंदूंवर वाकेपर्यंत टेकवावा. जेथे कळत नाही तेथे रक्षक संवेदना उरलेली नाही असे समजावे. हाताच्या मागील बाजूने दोन्ही तळव्यांची तीच जागा एकामागोमाग स्पर्शून पाहावी. दोन पायांत एकाच बिंदूवर २.२ अंश सेल्सिअसचा फरक हा व्रणापूर्वीचा इशारा मानला जातो. एवढा फरक सरावाने हाताला बहुधा जाणवतो, तरी संशय आल्यास त्वचेचे तापमान मोजणारे साधे उपकरण वापरावे. आणि रुग्णाची जुनी चप्पल मागून घ्यावी. आतल्या बाजूस कोठे काळा खळगा पडला आहे, कोठे तळ झिजून गुळगुळीत झाला आहे, हे पाहिले तर अर्धा नकाशा फुकट मिळतो. एमसीआर अंगठ्याने दाबून पाहावे. दाबल्यावर उसळून परत आले नाही तर ते संपले, चप्पल दिसायला नवी असली तरीही.

आता दहनाविषयी. कदर आणि वातकंटक यांत अग्निकर्म आपल्याकडे अनेक जण करतात आणि संवेदना शाबूत असलेल्या रुग्णात त्याचा गुण मीही पाहिला आहे. परंतु चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात मधुमेहीस अस्वेद्य म्हटले आहे आणि सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात अस्वेद्यांना अग्निकर्म निषिद्ध ठरवले आहे. दोन्ही एकत्र वाचली की सुप्त पावलाच्या मधुमेही रुग्णास तप्त शलाका लावणे, गरम वाळूची पोटली देणे, गरम पाण्यात पाय बुडवून बसवणे यांस आपल्याच शास्त्रात आधार उरत नाही. घट्टा असेल तर तो कुशल हाताने तासून घ्यावा. रुग्णाला घरी ब्लेडने कापू देऊ नये. पादाभ्यंग चालू ठेवण्यास हरकत नाही, त्याने रूक्षता जाते आणि रोज पाय पाहिला जातो. मात्र बोटांच्या बेचक्यांत तेल साचू देऊ नये आणि अभ्यंगानंतर लगेच चालू नये.

अनवाणी चालण्याचे काय? अकराव्या अध्यायातील उपदेश प्रवृद्ध मेहात व्यायाम घडावा यासाठी आहे, त्याच्या आधी कुस्ती, अश्वारोहण व पदभ्रमणही सांगितले आहे. प्रयोजन चालणे हे आहे. ज्याच्या पायाला काटा कळतो त्याने कसे चालावे हा एक प्रश्न, आणि ज्याला कळत नाही त्याने कसे चालावे हा निराळा. दुसऱ्याला चोविसावा अध्याय लागू होतो असे मी मानतो. त्यामुळे तंतूचा स्पर्श न कळणाऱ्या रुग्णास मी हिरवळ, काटेरी अ‍ॅक्युप्रेशर चप्पल, नवरात्रातील अनवाणी राहण्याचा नेम आणि वारीतील अनवाणी चाल ही सर्व स्पष्ट शब्दांत वर्ज्य सांगतो. वैशाख-ज्येष्ठात देवळाच्या तापलेल्या फरसबंदीवरून प्रदक्षिणा घालून तळवे भाजून आलेले रुग्ण प्रत्येक वैद्याने पाहिले असतील. चालणे मात्र थांबवत नाही. योग्य पादत्राण घालून, आधी थोडे, मग वाढवत, आणि घरी आल्यावर तळवा पाहून.

घरातल्या चपलेचा प्रश्न सर्वांत अवघड. गुरुजींच्या घरी स्वयंपाकघर आणि देवघर एकाच खोलीत आहे आणि बाहेरची चप्पल तेथे नेण्याची कल्पनाही त्यांच्या पत्नीला सहन होईना. शेवटी तंत्रज्ञाकडून त्याच मापाची, चामडे न वापरता, केवळ रबर व कापडी पट्ट्यांची एक वेगळी जोडी बनवून घेतली. ती उंबरठ्याबाहेर कधी जात नाही, रोज पुसली जाते आणि देवघरासमोरच्या चटईपाशी काढून ठेवली जाते. तेथून पाटापर्यंतची चार पावले ते अनवाणी टाकतात. त्यावर मी काही बोललेलो नाही. व्रण भरल्याला आता तीन वर्षे होत आली. दर दोन महिन्यांनी येतात, खुर्चीवर बसतात आणि मी सांगण्याआधीच मोजे काढतात.